खारवलेलं, धुरावलेलं, मुरलेलं

पोर्तुगीज जेवण म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गोवा उभा राहतो. विंदालू, सोरपोतेल, काफ्रेआल, बेबिंका. कोणी त्यात शाकुतीही घालतं, जी अस्सल इथल्याच मातीतली आहे. हे चित्र मनात घेऊन माणूस लिस्बनला उतरतो, गल्लीतल्या एखाद्या 'ताश्का'त, म्हणजे साध्या खानावळीत, शिरतो आणि पुढ्यात येतो उकडलेला मासा, उकडलेले बटाटे, उकडलेली कोबीची पानं, उकडलेलं अंडं आणि त्यावर सैल हाताने ओतलेलं ऑलिव्हचं तेल. हळद नाही, तिखट नाही, फोडणीचा वासही नाही. मिऱ्यासाठी ज्यांनी आफ्रिकेला वळसा घातला, अमेरिकेतली मिरची ज्यांनी आपल्या किनाऱ्यावर आणून सोडली, त्यांच्याच घरी पानात काय, तर मीठ आणि लसूण! पुष्कळ मराठी प्रवासी इथेच नाक मुरडतात आणि उरलेले दिवस पिझ्झ्यावर काढतात. हे पुस्तक त्या नाक मुरडण्यापासूनच सुरू होतं.

मसाले गेले कुठे? एके काळी ते तिथेही खाल्ले जात होते. राजा मानुएलची नात इन्फांता मारिया 1565 साली आलेस्सांद्रो फार्नेझेशी लग्न करून इटलीत गेली, तेव्हा तिच्याबरोबर पाककृतींचं एक हस्तलिखितही गेलं. ते आज नेपल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात मांसाच्या पदार्थांत मिरी, लवंग, केशर, दालचिनी आणि साखर अशी सगळी श्रीमंती सापडते. राजवाड्यातला स्वयंपाकी दोमिंगुश रोद्रिगिश याचं 'आर्त द कोझिन्या' 1680 साली निघालं. पोर्तुगीज भाषेतलं हे पहिलं छापील पाकपुस्तक, आणि त्यातही मसाल्यांचा हात सैलच आहे. पुढे युरोपभर मिरी स्वस्त झाली. जे कोणालाही परवडतं त्यात मिरवण्यासारखं काही उरत नाही. मग वरच्या वर्गाने फ्रेंच वळण गिरवलं. लुकास रिगोचं 1780 सालचं पुस्तक त्याच वळणाचं आहे.

पण ही सगळी राजवाड्यांची गोष्ट झाली. आज पोर्तुगालमध्ये ज्याला 'पारंपरिक' म्हणतात ते जेवण तिथून आलेलंच नाही. ते आलं खेड्यांतल्या चुलींवरून, मासेमारांच्या वाड्यांमधून आणि जोगिणींच्या मठांतून. ते फार उशिरा कागदावर उतरलं. मारिया द लुर्दिश मोदेश्तु ही बाई 1958 पासून दूरचित्रवाणीवर स्वयंपाक शिकवत असे. तिने देशभरातल्या घराघरांतून जमवलेल्या पाककृतींचा ग्रंथ 1982 साली प्रसिद्ध झाला आणि तेव्हा कुठे प्रांताप्रांतांचं जेवण एका जागी वाचायला मिळालं. माझ्या मते पोर्तुगीज जेवणाविषयी एकच पुस्तक वाचायचं असेल तर ते तिचंच. प्रस्तुत पुस्तकाचा नंबर त्यानंतर.

या जेवणाचं मर्म मला एका शब्दात सांगायचं तर तो शब्द आपल्याकडे तयार आहे: बेगमी. कोकणात आगोटीच्या आधी घराघरांत सुकं म्हावरं, मीठ, पापड, सोलं, कांदे भरून ठेवतात, कारण पुढचे चार महिने होडी समुद्रात जाणार नाही. पोर्तुगीज स्वयंपाक असा बाराही महिने बेगमीवर चालतो. मासा मिठात, डुक्कर धुरात, भोपळी मिरची मिठाच्या लगद्यात, तारली तेलाच्या डब्यात, क्विन्सचं फळ साखरेच्या वडीत, द्राक्षाचा रस दारूच्या आधाराने पिंपात. शिळा पावसुद्धा टाकायचा नाही, त्याचंच उद्याचं जेवण. गरिबी, लांबचे समुद्रप्रवास आणि कॅथलिक उपासांचं कॅलेंडर या तिघांनी मिळून हे घडवलं. बेगमीच्या पदार्थाला स्वतःचीच इतकी ठाम चव असते की तिच्यावर मसाल्याचा थर चढवायची गरज पडत नाही. ताश्कातलं ते उकडलेलं ताट याच नजरेने पाहायचं, कारण त्यातला मासा कित्येक महिने मिठात आणि वाऱ्यात मुरून आलेला असतो.

तो मासा म्हणजे बाकल्याव, सुकवलेला खारा कॉड. एखाद्या देशाचा राष्ट्रीय मासा त्याच्या समुद्रात मिळतच नाही, असं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. कॉड हा थंड पाण्याचा जीव. पोर्तुगीज दर्यावर्दी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच न्यूफाउंडलंडच्या उथळ समुद्राकडे जाऊ लागले. मीठ त्यांच्याकडे मुबलक होतं. सेतुबाल आणि आवेइरुच्या मिठागरांतलं मीठ उत्तर युरोपलाही जात असे. कॉडच्या अंगात चरबी नगण्य, त्यामुळे तो खवट न होता दगडासारखा वाळतो आणि वर्षभर टिकतो. शुक्रवार, ईस्टरआधीचा लेंटचा उपासकाळ आणि सणांचे आदले दिवस धरले तर मांस वर्ज्य असलेल्या दिवसांची यादी मोठी. समुद्रापासून दूरच्या डोंगराळ गावांतही त्या दिवशी मासा हवा, आणि तो बाकल्यावच पुरवू शकत असे.

मधली काही शतकं पोर्तुगाल हा मासा मुख्यतः विकतच घेत होता, तोही बराचसा इंग्रजांकडून. मग हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने 1934 साली 'बाकल्यावची मोहीम' हाती घेतली आणि पुन्हा स्वतःचा ताफा उभा केला. त्याची गोष्ट जेवणाच्या पुस्तकात का, असं कोणाला वाटेल. पण ती वगळली तर या माशाची किंमत कळत नाही. वसंतात जहाजं निघायची ती सुमारे सहा महिन्यांनी परतायची. मोठ्या जहाजावर चार-पाच मीटर लांबीच्या सपाट तळाच्या होड्या एकीत एक रचून ठेवलेल्या असत. पहाटे प्रत्येक होडीत एक, फक्त एकच, माणूस बसवून ती धुक्यातल्या समुद्रात सोडत. तो एकटा दिवसभर गळांची लांब दोरी टाकायचा, ओढायचा, होडी माशांनी भरायचा आणि वल्हवत जहाज शोधत परत यायचा. काहींना जहाज सापडत नसे. रात्री मासा चिरून मिठात रचल्याखेरीज झोप नाही. आणि घरी परतल्यावर किनाऱ्यावर तो उन्हात वाळवायचं काम बायकांचं. या मासेमारीत ठरावीक हंगाम काढले की सक्तीच्या लष्करी नोकरीतून सूट मिळे, यावरूनच काम कसं होतं ते समजावं. दुसऱ्या महायुद्धात आपण तटस्थ आहोत हे दुरून दिसावं म्हणून जहाजं पांढरी रंगवली, आणि 'पांढरा ताफा' हे नाव पडलं. ॲलन व्हिलियर्स हा ऑस्ट्रेलियन खलाशी-लेखक 1950 साली 'आर्गुस' या जहाजावरून त्यांच्याबरोबर गेला आणि पुढच्या वर्षी त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. एकट्या माणसाच्या होड्यांची ही पद्धत 1974 पर्यंत चालली. जगात इतरत्र ती केव्हाच मोडीत निघाली होती. ताफ्याचं इस्पितळ-जहाज 'जिल इयानिश' आज व्हियाना दु काश्तेलुच्या धक्क्यावर संग्रहालय म्हणून उभं आहे. जमल्यास ते जरूर पाहावं. राजवटीने या माणसांना वीर म्हणून मिरवलं, त्यांच्या मजुरीकडे मात्र फारसं पाहिलं नाही.

आता बाकल्याव बहुतांशी नॉर्वे आणि आइसलंडहून येतो. न्यूफाउंडलंडचा साठा इतका उपसला गेला की कॅनडाने 1992 साली तिथली कॉडची मासेमारी थांबवली. पोर्तुगीज गृहिणीला मात्र मासा कुठून आला यापेक्षा त्याची जाडी महत्त्वाची. तुकडा 24 ते 48 तास थंड पाण्यात, त्वचेची बाजू वर ठेवून भिजवायचा आणि पाणी अनेकदा बदलायचं. या कामात घाई केली तर पुढचं सगळं व्यर्थ. त्यानंतरच्या पाककृती वर्षाच्या दिवसांइतक्या आहेत असं ते म्हणतात, कोणी हजार-एक म्हणतं. मी निवडल्या त्या थोड्याच. पोर्तु शहरातला गोमिश द सा हा बाकल्यावच्या व्यापाऱ्याचा मुलगा. बटाटा, कांदा, अंडं आणि काळे ऑलिव्ह घालून केलेला त्याच्या नावाचा प्रकार मला सगळ्यांत पटतो, कारण त्यात मासा दुधात मुरवून मऊ केलेला असतो आणि तेल कुठेही लपवलेलं नसतं. सायीत बुडवून भाजलेला प्रकार हॉटेलांत फार चालतो. तो मी पुस्तकात घेतलाय खरा, पण प्रेमाने नव्हे.

नाताळच्या आदल्या रात्री मात्र तेच साधं उकडलेलं ताट असतं: बाकल्याव, बटाटे, कोबी, अंडं, तेल. सणाच्या दिवशी इतकं साधं जेवण पाहून आपण चकित होतो. दुसऱ्या दिवशी उरलेलं सगळं कुस्करून लसूण-तेलात परततात. त्याला तिथे 'जुने कपडे' म्हणतात, आणि ते मूळ जेवणापेक्षा चविष्ट लागतं.

दक्षिणेला आलेंतेजु हा प्रांत. देशाचा जवळपास तिसरा हिस्सा, बूच आणि ओकची झाडं, गव्हाची विस्तीर्ण शेतं, आणि ती शेतं मूठभर जमीनदारांच्या मालकीची. 1929 साली सरकारने गव्हाची मोहीम काढली, कोठारं भरली, पण रोजंदारीवर राबणाऱ्याच्या वाट्याला आला तो पावच. त्या पावाभोवती या प्रांताने अख्खी पाकशैली रचली. आसोर्दा हा तिचा कळस. लसूण, मीठ आणि मूठभर कोथिंबीर खलबत्त्यात कुटायची, त्यावर ऑलिव्हचं तेल, मग उकळतं पाणी, त्यात शिळ्या पावाचे तुकडे आणि वर पाण्यात शिजवलेलं अंडं. झालं. चुलीवर फक्त पाणी तापवावं लागतं. युरोपात ताज्या कोथिंबिरीवर असा जीव टाकणारी दुसरी माणसं शोधून सापडणार नाहीत, आणि मराठी जिभेला हा प्रांत सगळ्यांत आधी आपलासा वाटतो तो त्यामुळेच. याच प्रांताच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका पदार्थात डुकराचं मांस आणि तिसऱ्या एकत्र शिजतात. वाचून विचित्र वाटतं, खाऊन वाटत नाही.

डुकराबद्दल संकोच बाळगून हे पुस्तक लिहिता आलं नसतं. हिवाळ्यात डुक्कर मारणं हा खेड्यातला वर्षाचा सोहळा होता. शेजारी मदतीला, बायका आतडी धुवायला, मुलं मधेमधे. ईशान्येच्या त्राझ-उझ-मोंतिश या डोंगराळ भागात चुलीच्या वर आडव्या काठ्यांवर सॉसेज टांगलेले असत आणि रोजच्या स्वयंपाकाचा धूर त्यांना वर्षभर टिकवत असे. रक्तसुद्धा वाया जात नाही. कोंबडीच्या रक्तात व्हिनेगर घालून शिजवलेला भात उत्तरेत आवडीने खातात. इथल्याच मिरांदेलाच्या 'आल्येइरा' या सॉसेजची कथा प्रसिद्ध आहे. 1497 साली ज्यूंना सक्तीने बाटवलं गेलं, 1536 साली धर्मन्यायालय आलं, तेव्हा वरकरणी ख्रिस्ती झालेल्यांनी डुकराऐवजी कोंबडी आणि पाव भरून सॉसेज केले आणि शेजाऱ्यांना दिसतील असे टांगले. इतिहासकार या कथेकडे साशंक नजरेने पाहतात. पाव घालून मांस पुरवठ्याला आणणं हे तिथलं प्रत्येक गरीब घर करतच होतं. आज बहुतेक आल्येइरांमध्ये डुकराचं मांस असतं. कथा मात्र सगळे सांगतात.

सूपांचा विचार एका परिच्छेदात उरकतो, कारण खरं तर एकच सूप माहीत असलं तरी पुरतं. काल्दु व्हेर्द: बटाट्याचं पातळ सूप, त्यात केसासारखी बारीक चिरलेली गडद हिरवी कोबीवर्गीय पानं, वर तेलाची धार आणि सॉसेजची एक चकती, सोबत मक्याचा जड पाव. मूळचं उत्तरेच्या मिन्यू प्रांताचं, आता देशभराचं. चकती वगळली की ते पूर्ण शाकाहारी होतं आणि त्याचं काही बिघडत नाही.

भात मात्र थोडा वेळ मागतो. युरोपात दरडोई सर्वांत जास्त तांदूळ पोर्तुगालमध्ये खाल्ला जातो, हे आपल्याकडे फार कमी जणांना ठाऊक असतं. मोंदेगु, तेजु आणि सादु नद्यांच्या खोऱ्यांत 'कारोलिनु' नावाचा जाडसर, रस शोषणारा तांदूळ पिकतो. त्याचा भात आसट करतात: टोमॅटोचा, राजम्यासारख्या दाण्यांचा, बदकाचा, कोळंबी-तिसऱ्यांचा. तळलेल्या लहान माशांबरोबर टोमॅटोचा पातळसर भात आला की मला दुसरं काही नको असतं. गोड भातावर चिमटीने दालचिनीची नक्षी काढतात. लग्नकार्यात ती नक्षी कोणाची सुबक यावर बायकांमध्ये स्पर्धा चालते. मसाल्यांचं ते जुनं साम्राज्य आज उरलंय ते एवढंच, चिमूटभर.

गोडाचं राज्य मठांचं. पंधराव्या शतकात मदेरा बेटावर ऊस पिकू लागला, पुढे ब्राझीलची साखर आली आणि जोगिणींच्या हाती ती भरपूर पडू लागली. अंड्यांतला पांढरा भाग झग्यांना खळ करायला आणि वाइन नितळ करायला खपत असे. पिवळं बलक उरायचं. साखरेचा पाक आणि बलक या दोनच गोष्टींतून त्यांनी शेकडो प्रकार काढले. वर नावं अशी, की मठात विनोदबुद्धीला बंदी नव्हती याची खात्री पटते: 'जोगिणीचं पोट', 'देवदूताचे गाल', 'स्वर्गातली डुकराची चरबी'. थोरामोठ्यांच्या मुली हुंडा वाचवायला मठात धाडलेल्या असत. त्यांच्या हाती वेळ होता, पैसा होता आणि पाहुण्यांना भेट द्यायला मिठाई लागत होती. 1834 साली सरकारने धर्मसंघ विसर्जित केले. पुरुषांचे मठ लगेच बंद झाले, बायकांचे मात्र शेवटची जोगीण वारेपर्यंत चालू राहू दिले, फक्त नवीन कोणी घ्यायची नाही. तेवढ्या अवधीत पाककृती मठाबाहेर पडल्या. बेलेंच्या जेरोनिमुश मठाजवळच्या दुकानात 1837 पासून विकले जाणारे कस्टर्डचे पापुद्रेदार गोल, म्हणजेच पास्तेल, हे त्यांतले सगळ्यांत नशीबवान. आज ते मुंबईच्या मॉलमध्येही मिळतात, बहुधा थंड. थंड खाऊ नयेत.

हाच पाक आणि हेच बलक समुद्र ओलांडून गोव्यात आलं. जुन्या गोव्यात सांता मोनिकाचा मठ 1606 साली स्थापन झाला. बेबिंका तिथल्याच जोगिणींची असं गोव्यात सांगतात. कथेचा पुरावा काहीही असो, बलक आणि साखर तिकडची, नारळाचं दूध आणि तूप इकडचं, हे ताटावरच दिसतं. विंदालूचंही तसंच. मदेराच्या नाताळात आजही डुकराचं मांस वाइन, लसूण आणि तमालपत्रात दिवसदिवस मुरवून मग तळतात. जहाजावर मांस टिकवायची ती युक्ती. गोव्यात वाइनच्या जागी माडाच्या माडीचं व्हिनेगर आलं, मिरच्या आल्या, जिरं-मिरी आलं, आणि जन्माला आला तो पदार्थ मदेराच्या माणसाला झेपणार नाही इतका तिखट. वसई 1739 साली चिमाजी आप्पांनी घेतली, पण तिथल्या ख्रिस्ती घरांत सोरपोतेल आणि विंदालू राहिले. रेवदंड्याजवळच्या कोर्लईत पोर्तुगीजमिश्रित बोलीसुद्धा टिकली. या सगळ्याला मी एक प्रकरण दिलं आहे, जास्त नाही. गोव्याच्या आणि वसईच्या जेवणाला स्वतःची पुस्तकं हवीत, पोर्तुगालच्या शेपटाला बांधलेली नकोत.

उलट दिशेनेही काही गेलं. 1974 ची क्रांती झाली, आफ्रिकेतल्या वसाहती सुटल्या आणि अंगोला-मोझांबिकमधून लाखो माणसं पोर्तुगालला परतली. पिरी-पिरी मिरचीची कोंबडी लिस्बनच्या गल्लीबोळांत पसरली ती मुख्यतः त्यांच्या हातून. म्हणजे अमेरिकेतली मिरची पोर्तुगिजांनीच आफ्रिकेत नेली आणि तिची चव त्यांना लागायला चारशे वर्षं गेली.

पेयांकडे वळतो. पोर्ट वाइन ही बेगमीचीच लेक. दोरु नदीच्या खोऱ्यात पाटीच्या दगडासारख्या ठिसूळ खडकाचे उतार फोडून बांध घातलेत, उन्हाळ्यात तिथे उभं राहवत नाही. या वाइनचं नशीब इंग्लंडने उघडलं. फ्रान्सशी भांडण चालू असल्यामुळे 1703 च्या मेथ्युएन कराराने पोर्तुगीज वाइनवर इंग्लंडमध्ये कमी कर बसला. समुद्रप्रवासात ती खराब होऊ नये म्हणून तिच्यात द्राक्षाची कडक दारू घालू लागले. पुढे ती आंबण्याच्या मधल्या टप्प्यावरच घातली जाऊ लागली. सुमारे 77 टक्के मद्यार्काची दारू पडली की किण्व मरतं, द्राक्षाची साखर उरते आणि तयार होते ती 20 टक्क्यांच्या आसपासची गोड वाइन. मागणी वाढली तशी भेसळ वाढली. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरीचा रस मिसळत. मग राज्याचा कारभार हाती असलेल्या पोंबालच्या मार्किसने 1756 साली खोऱ्याची सीमा आखली, ग्रॅनाइटचे खांब रोवले, एल्डरबेरीची झाडं उपटायला लावली आणि सगळा व्यापार एका कंपनीच्या हाती दिला. पुढच्याच वर्षी या कंपनीविरुद्ध पोर्तुतले दारूवाले आणि त्यांची गिऱ्हाइकं रस्त्यावर उतरली. पोंबालने त्यांतल्या काहींना फासावर चढवलं. वाइनच्या पुस्तकांत सीमा आखल्याचं कौतुक पानभर असतं, फाशीची गोष्ट ओळीभर.

एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने द्राक्षवेली खाल्ल्या तेव्हा खोरं सावरून धरणाऱ्यांत दोना आंतोनिया फेरेइरा या विधवेचं नाव पुढे येतं. 1861 साली तिची होडी दोरुच्या खळाळात उलटली. बरोबरचा बॅरन फॉरेस्टर बुडाला, ती वाचली. तिच्या घेरदार झग्याने तिला तरंगत ठेवलं आणि त्याच्या पट्ट्यातल्या सोन्याच्या नाण्यांनी त्याला बुडवलं, असं खोऱ्यात रंगवून सांगतात.

मदेराची वाइन याहून चिवट. भारताकडे निघालेल्या जहाजांवर पिंपं चढत, विषुववृत्त ओलांडत, उन्हात आणि लाटांत महिनोन्महिने तापत. न विकलेली परत आली तेव्हा ती सुधारलेली निघाली. आता ती बेटावरच मुद्दाम तापवतात, एक तर गरम पाण्याच्या नळ्यांनी किंवा माळ्यावरच्या उबेत वर्षानुवर्षं ठेवून. बाटली उघडून महिनोन्महिने राहिली तरी तिला काही होत नाही. घरी क्वचित पिणाऱ्याला माझा सल्ला विचारला तर मी हीच सुचवतो.

पण बेगमीचं माणसाला कधीतरी उबग येतोच, आणि पोर्तुगीज ताटात त्यावरचा उताराही आहे. मिन्यूची विन्यु व्हेर्द ही साठवायची नाहीच. हलकी, आंबटसर, जिभेवर किंचित चुरचुरणारी, वर्षाच्या आत प्यायची. जूनमध्ये तारली चरबीने भरते. 12 जूनच्या रात्री संत अंतोनियोच्या सणाला लिस्बनच्या आल्फामात प्रत्येक दारासमोर शेगडी पेटते. भाजलेली तारली पावाच्या जाड फोडीवर ठेवून हाताने खायची. तिचं तेल पावात उतरतं आणि शेवटी तो पाव खायचा, हाच खरा घास. नोव्हेंबरच्या 11 तारखेला संत मार्तिन्युचा दिवस, भाजलेले चेस्टनट आणि त्या वर्षीची पहिली वाइन.

चहाचा उल्लेख मुंबईकरांसाठी. ब्रागांझाच्या कातारिनाचं 1662 साली इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी लग्न झालं. तिच्या हुंड्यात मुंबई बेट गेलं आणि तिच्यामुळे इंग्रज दरबारात चहा पिण्याची टूम आली. अझोर्सच्या साओ मिगेल बेटावर आजही चहाचे मळे आहेत. गोरिआना हा त्यातला मळा 1883 पासूनचा. याच बेटावर फुर्नाश गावात मांस आणि भाज्यांनी भरलेलं पातेलं ज्वालामुखीच्या गरम जमिनीत पुरून तासन्‌तास शिजवतात. खायला ते थोडं गंधकाळ लागतं, पाहायला मात्र गंमत आहे. मुख्य भूमीवर चहापेक्षा कॉफीच चालते, लहान पेल्यात, काउंटरपाशी उभ्याने. आणि लिस्बनच्या साओ दोमिंगुश चौकातल्या टीचभर दुकानात 1840 पासून आंबट चेरीची जिंजिन्या विकतात. पेल्यात चेरी हवी की नको एवढंच विचारतात. हवी म्हणावं.

शाकाहारी वाचक इथवर आले असतील तर त्यांच्यासाठी दोन शब्द. युरोपातल्या बहुतेक जुन्या चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. सेर्रा दा इश्त्रेलाच्या डोंगरातलं मेंढीच्या दुधाचं चीज मात्र रानटी आर्टिचोकसारख्या एका काटेरी झाडाच्या सुकवलेल्या फुलांनी फाडतात. आतून ते इतकं मऊ असतं की वरचं झाकण कापून चमच्याने खातात. आझैतांउ आणि सेर्पाची चीजही याच फुलांची. खानावळीत मात्र सावध राहावं. टेबलावर न मागता आलेला पाव, ऑलिव्ह आणि चीज फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवावं, कोणी वाईट मानत नाही.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडं. प्रांतांनुसार प्रकरणं केलेली नाहीत. मीठ, धूर, पाव, तेल, साखर, द्राक्ष अशी ती आहेत, आणि त्यामुळे काही पदार्थ दोनदा भेटतील. उच्चार लिस्बनचे धरले आहेत. पोर्तुची मंडळी रागावतील, पण ती तशीही लिस्बनवर रागावलेलीच असतात. बाकल्याव आपल्याकडे सहज मिळत नाही आणि मिळाला तर महाग पडतो. त्याच्या जागी सुका बोंबील वापरू नये, त्याचा पोत आणि वास दोन्ही वेगळे. खारवलेला मोठा, पांढऱ्या मांसाचा मासा मिळाला तर भिजवण्याची पद्धत तीच ठेवून करून पाहावं. ऑलिव्हचं तेल मोजताना हात आखडू नये. कोथिंबिरीचे देठ टाकू नयेत. ज्यांना मासे-मांस नको आणि आज संध्याकाळीच काहीतरी करून पाहायचं आहे त्यांनी आसोर्दापासून सुरुवात करावी, अंडं वगळलं तरी चालेल. आणि ज्या पाककृतीत मीठ लिहिलेलं नाही तिथे ते विसरलेलं नाही. तिथे ते घालू नये.